खंड वाढवा, पण आधी माती तपासा



पाडवा तोंडावर आला की गावोगाव दोन बैठका बसतात. एक सालगड्याच्या पगाराची. ती पारावर होते, चार माणसांच्या कानावर जाते. दुसरी खंडाने दिलेल्या रानाची. ती मालकाच्या ओसरीवर, दार पुढे लोटून होते. 'औंदा एकराला एवढे पडतील, परवडत असेल तर बोला,' असे मालक सांगतो आणि रान कसणारा मनातल्या मनात हिशेब करत घरी जातो. वर्षभराची भांडणे या दुसऱ्या बैठकीतून निघतात. म्हणून पाडव्याआधीच हा विषय काढावा म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सज्जातल्या एका गावात अशाच एका भांडणात मला बोलावणं आलं. मालक निवृत्त शिक्षक. मुलं शहरात नोकरीला, घरी कसायला कोणी नाही. त्यांनी दोन एकर बागायत रान गावातल्याच एका तरुणाला खंडाने दिलं होतं. बोली तीन वर्षांची, एकरी अठरा हजार. शिवाय विहिरीवरच्या मोटरीसाठी आणि पाइपलाइनसाठी वीस हजार अनामत. सगळे तोंडी. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

पोरगा कष्टाळू. पहिल्याच वर्षी त्याने तलावातला गाळ ओढला, शेणखत घातलं, बांध नीट केले. दुसऱ्या वर्षी पीक डोळ्यांत भरलं. ते रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं, तसं गुरुजींनीही पाहिलं. शेजारचं रान आल्याच्या लागवडीसाठी अठ्ठावीस हजारांनी गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. गुरुजी म्हणाले, 'मलाही अठ्ठावीस पाहिजेत, नाहीतर रान मोकळं कर.' पोराने रान सोडलं आणि अनामत मागितली. गुरुजी म्हणाले, 'मोटर दोनदा जळाली, तिचं काय?' पोरगा म्हणाला, 'मोटर आधीचीच जुनी होती. आणि मी टाकलेला गाळ काय मी डोक्यावर घेऊन जाऊ?'

वाचकहो, त्या बैठकीत मला न्याय करता आला नाही. रान आधी कसं होतं आणि आता कसं आहे, याचा एक कागद कोणाजवळ नव्हता. मोटर किती जुनी, तेही कोणी लिहून ठेवलं नव्हतं. दोन्ही माणसं खरं बोलत होती आणि दोघांकडेही पुरावा नव्हता.

मालकाचा खंड मागायचा हक्क मी नाकारत नाही. आजचा मालक म्हणजे जुना जमीनदार नव्हे. कुठे विधवा बाई, कुठे थकलेला पेन्शनर, कुठे पोटासाठी शहरात गेलेला भाऊ. त्यांचं घर त्या खंडावर चालतं. सगळं महागलं तर खंड तरी तेवढाच का राहावा? पण वाढ मागताना एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. रानाचा कस वाढला तो कोणामुळे? कसणाऱ्याच्या गाळामुळे आणि शेणखतामुळे रान सुधारलं असेल, तर त्याच सुधारणेचा खंड त्याच्याकडूनच वसूल करणं म्हणजे त्याच्याच भाकरीचे त्याच्याकडून पैसे घेणं होय.

मग हे आधी लिहून का ठेवत नाहीत? कारण भीती. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन गावाच्या आठवणीतून गेलेला नाही. 'कसेल त्याची जमीन' या कायद्याने लाखो कुळांना हक्काची जमीन मिळाली, हे मोठं काम झालं. पण 'कागद केला की कूळ लागलं' ही धास्ती तेव्हापासून मालकाच्या मनात बसली, आणि ती अगदीच निराधार आहे असंही नाही. दुसरीकडे, याच कायद्याने पश्चिम महाराष्ट्रात खंडाची कमाल मर्यादा जमीन आकाराच्या पाचपट किंवा एकरी वीस रुपये, यांपैकी जे कमी असेल ती ठेवली आहे. आज गावात वीस रुपये नव्हे, वीस हजार बोलले जातात. कायदा एका वाटेने आणि व्यवहार दुसऱ्या वाटेने गेला, की मधल्या रानात भांडणच उगवायचं.

या भीतीपोटी मालक दरवर्षी कसणारा बदलतो. आणि ज्याला पुढच्या पाडव्याची खात्री नाही, तो रानात शेणखत कशाला घालेल? शेणखतातल्या नत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा पहिल्या पिकाला मिळतो, बाकीचा पुढच्या पिकांना. म्हणजे एका वर्षाच्या कसणाऱ्याने पंचवीस हजारांचं खत घातलं, तर त्यातलं बरंचसं तो दुसऱ्यासाठी ठेवून जातो. त्यापेक्षा युरियाची गोणी फेकायची, मोकळं पाणी सोडायचं, निघेल तेवढं काढून घ्यायचं आणि चालतं व्हायचं, हे त्याला परवडतं. चार-पाच वर्षं असं चाललं की रान पांढरं पडायला लागतं. नुकसान शेवटी सात-बारावर ज्याचं नाव त्याचंच. कागदाला भिऊन मालक आपली जमीनच गमावतो, फक्त ते तलाठ्याच्या दप्तरात दिसत नाही.

म्हणून यंदा बैठकीला बसण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, माती तपासा. रान मोकळं असताना, खत टाकण्याआधी, नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घेऊन कडेची माती काढा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. नमुना घेताना दोघेही हजर राहा आणि अहवालाची एकेक प्रत दोघांच्या घरी ठेवा. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे महत्त्वाचे. मुदत संपताना पुन्हा हेच करा. सेंद्रिय कर्ब हळू हलतो, त्यामुळे बारीक फरकावरून वाद घालू नका. पण क्षारता चढली असेल तर ती लपत नाही.

दुसरी, खंडाची वाढ पहिल्याच दिवशी ठरवा. एक वर्षाऐवजी तीन वर्षांची बोली करा. समजा पहिल्या वर्षी वीस हजार, तर दुसऱ्या वर्षी एकवीस, तिसऱ्या वर्षी बावीस. शेजारचं रान कितीला गेलं, ते मधेच काढायचं नाही. गाळ, शेणखत, बांधबंदिस्ती कसणाऱ्याने केली तर खर्च मांडून ठेवा. मालकाने मुदतीआधी रान काढून घेतलं, तर त्यातला न वापरलेला हिस्सा त्याने परत द्यावा.

तिसरी, अनामत आणि खंड यांची सरमिसळ करू नका. अनामत कशासाठी, हे स्पष्ट बोला. मोटरीसाठी असेल तर मोटर किती अश्वशक्तीची, किती जुनी, कधी भरलेली, ते टिपून ठेवा. विजेची जुनी थकबाकी नव्या माणसाच्या अनामतीतून कापायची नाही. पैसे बँकेतून द्या-घ्या. परत कधी करायचे तो दिवस ठरवा, आणि कापायचेच असतील तर दुरुस्तीची पावती दाखवून कापा.

चौथी, नुकसानभरपाईचं आधी बोला. गारपीट झाली तर पीक जातं कसणाऱ्याचं आणि अनुदान जमा होतं सात-बारावाल्याच्या खात्यात. त्यातलं कोणाला किती, हे आभाळ निरभ्र असतानाच ठरवलेलं बरं.

हे सगळं लिहायचं कसं, ते तालुक्याच्या चांगल्या वकिलाला विचारून ठरवा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कसणाऱ्याला पीक विमा हवा असेल तर नोंदलेला करारच लागतो. आणि तोंडी ठेवलं म्हणून मालक सुरक्षित झाला, असंही समजू नका. रान कोण कसतं आणि खंड कोण देतो, हेही कायदा बघतोच.

सरकारचंही यात देणं लागतं. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकी मालकाचीच राहावी, मुदत संपताच रान त्याला परत मिळावं, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व न वापरलेल्या गुंतवणुकीची भरपाई मिळावी, असा त्याचा गाभा आहे. मालकाची भीती घालवणारा हा विचार गावच्या चावडीपर्यंत पोहोचला, तर ओसरीचं दार लोटून बोलायची वेळ येणार नाही. मात्र त्याची वाट बघत माती थांबत नाही.

त्या गुरुजींचं रान यंदा तिसऱ्याच माणसाकडे आहे, एका वर्षाच्या बोलीवर. गाळाचा जोर अजून आहे, म्हणून पीक बरं दिसतं. गुरुजी आणि तो पोरगा एकाच वाडीत राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. वीस हजारांचा निकाल अजून लागलेला नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती चढायची नसेल, तर यंदा पाडव्याला पानसुपारीच्या तबकाशेजारी माती परीक्षणाचा कागद ठेवा. खंडाचा आकडा त्यानंतर काढा.