पुठ्ठ्याचा मुकुट

इंग्लंडच्या राजाला १७७६ साली जाहीरनामा लिहून कायमचा रामराम ठोकणाऱ्या राष्ट्रात पुढे राजेराण्यांविषयीची ओढ इतकी का टिकून राहावी, याचा उलगडा समाजशास्त्रज्ञांनी करावा. परंतु त्याच राष्ट्राच्या दक्षिण भागात, अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, टेक्सास या मुलखांत, विसाव्या शतकाच्या मध्याला शाळकरी मुलीला राणी होण्याची एक रीतसर वाट उपलब्ध होती, आणि ती वाट बाप्तिस्त चर्चच्या वर्गखोल्यांतील लाकडी बाकांवरून जात होती, ही हकीकत मराठी वाचकाच्या कानांवर सहसा आलेली नसेल.

रविवारची सायंकाळची उपासना. पियानोच्या संथ सुरावर पांढरे, पायघोळ, पुष्कळदा आईनेच घरी शिवलेले झगे घातलेल्या मुली मधल्या वाटेने एकामागून एक चालत येत; त्यांच्या बरोबरीने चार-पाच वर्षांची पोरे साटिनच्या उशीवर मुकुट ठेवून, उशी कलंडू नये म्हणून श्वास रोखून, एकेक पाऊल टाकीत; आणि नाव पुकारले गेले म्हणजे मंडळीतील एखादी वडीलधारी बाई तो मुकुट मुलीच्या मस्तकावर ठेवी. मुकुट बहुधा पुठ्ठ्याचा असे. वर सोनेरी मुलामा. समारंभ आटोपल्यावर केक आणि सरबत होई, आयांच्या डोळ्यांत पाणी येई, बापांना घड्याळ आठवे, आणि दुसऱ्या दिवशी राणीसाहेब इतर मुलींप्रमाणेच दप्तर घेऊन शाळेत जात. अशा सोहळ्याची छायाचित्रे आज कोणी काढून दाखविली, तर पाहणारा हसतो. ज्या प्रौढ स्त्रियांनी स्वतः तो मुकुट घातला होता, त्याही जरा लाजून हसतात. प्रस्तुत लेखकाला मात्र या हसण्यात सहभागी होववत नाही. मुलीच्या मस्तकावर ठेवल्या गेलेल्या नानाविध मुकुटांत हा पुठ्ठ्याचा मुकुट सर्वांत प्रामाणिकपणे कमावलेला होता, आणि त्याच्याशी अप्रामाणिकपणा झाला असेल तर तो मागाहून, तो देणाऱ्या पंथाकडून झाला, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यास थोडे मागे जावे लागेल.

दक्षिणी बाप्तिस्तांची महासभा १८४५ साली जॉर्जियातील ऑगस्टा येथे जन्मास आली, ती गुलामगिरीच्या प्रश्नावरून: गुलामांचा मालक मिशनरी म्हणून नेमला जावा की नाही, या वादात उत्तरेकडील बांधवांशी काडीमोड घेऊन. ज्या संस्थेची सनदच अशा शाईने लिहिली गेली, तिच्यात स्त्रियांचा दर्जा काय असणार, हे निराळे सांगण्याची गरज नाही. १८८५ साली आर्कान्सासमधून दोन स्त्रिया प्रतिनिधी म्हणून महासभेला आल्या, तेव्हा पुरुषमंडळींनी त्यांच्याशी वाद घालीत बसण्याऐवजी नियमावलीतील ‘सभासद’ हा शब्द खोडून तेथे ‘बंधू’ हा शब्द घातला. एका शब्दाच्या दुरुस्तीने अर्धा समाज दाराबाहेर काढण्याची ही हिकमत कोणत्याही निष्णात कारकुनाला हेवा वाटावा अशी होती, आणि तिचा अंमल १९१८ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, चालला.

दाराबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी काय केले, तर दुसरे दार शोधले. मे १८८८ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे महासभा भरली असता बारा राज्यांतून आलेल्या बत्तीस प्रतिनिधी स्त्रिया जवळच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये जमल्या (स्वपंथाच्या गावात परपंथाच्या छपराखाली बसण्यात काही विनोद आहे, हे त्यांच्या लक्षात आले असलेच पाहिजे) आणि त्यांनी ‘विमेन्स मिशनरी युनियन’ नावाची संस्था स्थापली. तिचा कारभार बाल्टिमोरच्या ॲनी आर्मस्ट्राँग या बाईंनी पुढील अठरा वर्षे एक पैचाही पगार न घेता सांभाळला. त्याच वर्षी नाताळात, चीनच्या शांतुंग प्रांतात एकाकीपणे काम करणाऱ्या लॉटी मून या शिक्षिकेने मागणी केली म्हणून, स्त्रियांनी वर्गणी गोळा केली. उद्दिष्ट दोन हजार डॉलरांचे होते, जमले तीन हजार तीनशेहून अधिक, आणि तेवढ्यावर तीन नव्या स्त्रिया चीनकडे रवाना झाल्या. मूनबाई एकोणचाळीस वर्षे त्या देशात राबल्या आणि १९१२ च्या २४ डिसेंबरला, मायदेशी परतताना, जपानमधील कोबे बंदरात जहाजावरच वारल्या. त्यांच्या नावाची नाताळची वर्गणी त्या पंथाच्या परदेशातील कार्याचा आजही मोठा आधार आहे. ज्यांच्या वर्गणीवर मिशनरी पोसले जात, त्या स्त्रियांच्या संस्थेचा वार्षिक अहवाल महासभेपुढे वाचण्याचा मान मात्र पुरुषाचा, असा शिरस्ता होता. तो १९२९ साली मोडला, आणि तोही कुरकुर ऐकून घेऊनच.

स्त्रियांच्या अशा चिल्लर वर्गणीची ताकद त्याच काळात एका मराठी बाईने जवळून पाहिली होती. पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेत होत्या, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात तेथील स्त्रियांच्या संस्थांचे जे वर्णन आहे, ते प्रत्येक मराठी वाचकाने एकवार वाचावे असे आहे. पंथ निराळे, प्रांत निराळे. रमाबाईंचे साहाय्यकर्ते बहुतांशी उत्तरेकडील होते आणि दक्षिणी बाप्तिस्तांशी त्यांचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. परंतु गावोगावी मंडळे काढायची, दरसाल ठरावीक रकमेचे वचन घ्यायचे आणि ते वसूल करायचे, ही पद्धत मात्र तीच. बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनची मंडळे याच रीतीने चालत, आणि त्यांच्याच पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, जेथील पहिल्या विद्यार्थिनींत पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई होत्या. पडद्याआडून आलेल्या पैशाला तुच्छ लेखणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

मुकुट आला तो या कारभारातून. युनियनने आपल्या मागून येणाऱ्या पिढीसाठी वयोमानाप्रमाणे पायऱ्या बांधल्या. अगदी लहानग्यांसाठी एक शाखा, तरुणींसाठी १९०७ साली दुसरी, मुलग्यांसाठी १९०८ साली तिसरी, आणि १९१३ साली, संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, साधारण नऊ ते पंधरा-सोळा वयाच्या मुलींसाठी ‘गर्ल्स ऑक्झिलिअरी’, जिला सारे जी. ए. म्हणत. या मुलींना कामाला कसे लावावे, याचे उत्तर १९२८ च्या सुमारास ‘फॉरवर्ड स्टेप्स’ या क्रमाने दिले. पहिल्या पायरीवर मुलगी कुमारी, मग राणीची सखी, मग राजकन्या, मग राणी. त्याही पलीकडे राजदंडधारी राणी आणि ‘क्वीन रीजेंट’. हुद्द्यांची ही उतरंड परिकथेतून उचललेली होती हे उघड आहे, पण प्रत्येक हुद्द्याची किंमत वेगळ्याच नाण्यात मोजावी लागे: बायबलमधील उतारे तोंडपाठ करावयाचे, मिशनरींची चरित्रे वाचावयाची, दूरदेशांचे नकाशे काढावयाचे, मंडळीची रचना आणि पंथाचा इतिहास समजावून सांगावयाचा, दशांश द्यावयाचा, आजाऱ्याची विचारपूस करावयाची, आणि हे सर्व झाल्यावर परीक्षक मंडळापुढे उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. परीक्षा घेणाऱ्या बाया सामान्यतः शेजारच्याच, ओळखीच्याच. म्हणून त्या सौम्य असत असे ज्यांना वाटते, त्यांनी गावच्या बायकांनी घेतलेली परीक्षा कधी दिलेली नसावी.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘मिस अमेरिका’ची स्पर्धा १९२१ साली, म्हणजे या पायऱ्या बांधल्या जाण्याच्या थोडीच वर्षे आधी, सुरू झाली होती, आणि तेथला मुकुट कशाबद्दल मिळे हे जगजाहीर आहे. फिलिपाइन्समधील पुष्कळ गावांत फिएस्ताची राणी ठरे ती जिच्या नावावर अधिक पैसे जमतील ती. म्हणजे तेथे बापाची ऐपत आणि मामाची ओळख यांचाच अभिषेक. अशा दोन परींच्या मुकुटांच्या मधोमध ही तिसरी रीत: जिचे रूप सामान्य, जिच्या बापाची ऐपत बेताची, पण जिने पाठ केलेले विसरले नाही, तिला मुकुट, आणि तो एकीलाच नव्हे, जी जी पायरी चढेल तिला तिला. एका संध्याकाळी चार-चार राण्या अभिषिक्त होत, आणि कोणी कोणाला हरविलेले नसे. आपल्याकडे स्नेहसंमेलनात पहिल्या क्रमांकाच्या एका मुलाला पुष्पगुच्छ देऊन बाकीच्या एकोणपन्नासांना टाळ्या वाजविण्याच्या कामावर तैनात करणाऱ्या शाळाचालकांनी या व्यवस्थेचा जरा विचार करावा.

या परंपरेचे दोष झाकण्याची आमची इच्छा नाही. त्या मुली जे नकाशे काढीत, त्यांत हिंदुस्थान आणि चीन हे अंधारात चाचपडणाऱ्या लोकांचे देश म्हणून रंगविलेले असत. ज्या भूमीत उपनिषदे झाली, ज्ञानेश्वर झाले, त्या भूमीला प्रकाश पाठविण्यासाठी अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातील अकरा वर्षांची पोर खाऊचे पैसे डब्यात टाकीत आहे, हे चित्र आपल्याला एकाच वेळी हृद्य आणि असह्य वाटले, तर त्यात नवल नाही. एवढे मात्र कबूल केले पाहिजे, की जिल्ह्याबाहेर कधी न गेलेल्या त्या पोरीला शांतुंग कोठे आहे हे ठाऊक होते, आणि तिच्या काँग्रेसमनला बहुधा ते ठाऊक नसावे.

खरा डाग निराळा आहे. युनियनचे मुख्य दफ्तर १९२१ पासून अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात होते. १५ सप्टेंबर १९६३ चा रविवार. त्या शहरातील सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्तिस्त चर्चमध्ये, जे कृष्णवर्णीयांचे होते आणि दक्षिणी बाप्तिस्तांच्या महासभेचे नव्हते, तरुणांचा वार्षिक दिवस होता. त्या दिवशी उपासनेत मुलामुलींना पुढाकार मिळावयाचा होता, आणि त्यासाठी पांढरे कपडे घालून मुली तळघरातील खोलीत आरशापुढे तयारी करीत होत्या. शब्बाथ शाळेचा त्या दिवसाचा पाठ क्षमा करणाऱ्या प्रेमाविषयी होता. सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी, गोऱ्या माथेफिरूंनी पायरीखाली दडविलेल्या स्फोटकांनी ती भिंत उडविली. मेलेल्या चौघींपैकी तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची. सारख्याच वयाच्या, तसेच पांढरे कपडे ल्यालेल्या, तेच शास्त्र तोंडपाठ केलेल्या, एकाच शहरातल्या मुली, आणि तरी एकींच्या मिरवणुकीची वाट दुसरींच्या चर्चवरून कधी गेली नाही. महासभेने गुलामगिरी आणि वंशभेद यांतील आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती १९९५ साली, स्थापनेला दीडशे वर्षे पुरी झाली तेव्हा.

राण्यांच्या वाट्याला पुढे काय आले? क्वीन रीजेंट झालेली मुलगी अठरा वर्षांची होई आणि तिच्या ध्यानात येई, की जिना जेथे संपतो तेथे दार नाही, भिंत आहे. जी. ए.त शास्त्र शिकलेल्या कित्येकींना तेथेच ईश्वरी पाचारण ऐकू आल्याचे पुढे त्यांनी सांगितले आहे. पण शिकविताना ‘तू राणी’ म्हणणारी मंडळी व्यासपीठापाशी पोहोचताच ‘तू बाई’ म्हणू लागली. अॅडी डेव्हिस या विदुषीला ९ ऑगस्ट १९६४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली, दक्षिणी बाप्तिस्तांत स्त्रीला मिळालेली ही पहिलीच. आणि नंतर तिला स्वपंथाच्या एकाही मंडळीने पाळक म्हणून बोलाविले नाही, म्हणून ती उत्तरेला व्हरमाँटमध्ये दुसऱ्या बाप्तिस्त शाखेकडे गेली. १९७० साली युनियनने मुलींच्या शाखांची नवी घडी बसविली, जी. ए. ही अक्षरे ‘गर्ल्स इन ॲक्शन’ झाली आणि लहान मुलींच्या राज्याभिषेकांचा जुना थाट ओसरत गेला. मोठ्या मुलींच्या शाखेत राणी-रीजेंटची पदे आणखी काही काळ टिकली. याच सुमारास महासभेचा कल उलट दिशेने झुकू लागला. १९८४ साली कॅन्सस सिटीच्या ठरावाने स्त्रियांच्या पाळकदीक्षेला विरोध केला, आणि २००० सालच्या श्रद्धापत्रकाने पाळकाचा हुद्दा पुरुषांपुरता मर्यादित असल्याचे कलमच घातले.

पुठ्ठ्याचा मुकुट खोटा होता, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की ज्यांनी तो दिला त्या बायांनी आपल्यापाशी जे होते ते सर्व दिले. सोन्याचा मुकुट ज्यांच्या कपाटात होता त्यांनी ते कपाट कुलूपबंद ठेवले. कुलूप आणखी पक्के करण्यासाठी, ज्या मंडळीत स्त्री पाळक असेल तिला महासभेत स्थान नसावे अशी घटनादुरुस्ती जून २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथे मतास टाकण्यात आली. तिच्या बाजूने सुमारे ६१ टक्के मते पडली. दोन-तृतीयांशाची अट होती, म्हणून ती नामंजूर झाली.