हा कुत्रा कोणाचा?

रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. बाजार उठला होता, पावसाची झड लागली होती आणि नागभीडच्या आमच्या घराच्या ओसरीवर एक तांबडा कुत्रा येऊन बसला. अंगावर चिखल, कानात गोचिड आणि गळ्यात काळा दोरा. हाकलले की फाटकापर्यंत जायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. घरच्यांनी पेज घातली, रात्री पोते टाकून दिले. दुसऱ्या दिवशी नातीने त्याचे नाव ठेवले आणि कुत्रा आमचा झाला. कोणाला विचारले नाही, पशुवैद्याला दाखवले नाही.

तिसऱ्या दिवशी तो खात असताना नातीने त्याच्या ताटलीला हात लावला आणि त्याने तिच्या मनगटाला दात लावले. जखम मोठी नव्हती. दोन ठिपके आणि थोडे रक्त. ज्याने आयुष्यभर कुत्रा चावलेले रोगी तपासले, त्याच्याच घरी हे घडावे याची लाज वाटते. पण ती लाज बाजूला ठेवून लिहितो आहे, कारण पुढचा आठवडा मला बरेच काही शिकवून गेला.

नळाखाली हात धरला आणि साबण लावून घड्याळाने पंधरा मिनिटे धुतला. पोर रडत होती, घरचे म्हणत होते आता पुरे. मग दवाखान्यात नेले. तेथील परिचारिकेने पहिलाच प्रश्न विचारला, “कुत्रा कोणाचा?” मी म्हणालो, “आमचा.” तिने विचारले, “लस दिली आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन दिवसांपूर्वी तो कोठे होता, कोणाशी भांडला होता, कोणी त्याला चावले होते का, यांतले काहीही मला ठाऊक नव्हते. दोन वेळा पेज घातली म्हणून मी त्याला आमचा म्हणत होतो.

हा प्रश्न परिचारिका सहज म्हणून विचारत नाही. रेबीज, म्हणजे आपण ज्याला कुत्रा पिसाळणे म्हणतो, त्याचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून तो माणसाच्या शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या वाटचालीला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाही पुरतो, कधी वर्ष उलटते. लस उपयोगी पडते ती ही वाटचाल संपण्यापूर्वीच. पाणी पाहून घशाला आचके येऊ लागले, वाऱ्याची झुळूकही सोसवेनाशी झाली, की डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतली शेकडा चाळीस पंधरा वर्षांखालील मुले असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरे चावतात, त्यांतले तीनचतुर्थांश चावे कुत्र्यांचे असतात आणि सुमारे ५७०० माणसे रेबीजने मरतात.

चावणारा कुत्रा कोणाचा हे माहीत असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते. चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनीही तो धडधाकट असला तर त्या चाव्यातून रेबीज होण्याची भीती नाही. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे. माकड, कोल्हा, रानटी जनावर यांना तो लावू नये. शिवाय दहा दिवस वाट पाहून मग इंजेक्शन घेऊ, असा याचा अर्थ कोणी काढू नये. इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करायचे, कुत्र्याकडे लक्ष नंतर ठेवायचे. आमच्या नातीला त्याच दिवशी लस दिली. रक्त आले होते म्हणून जखमेत सीरमही सोडावे लागले आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागले; ते सगळ्याच ठिकाणी मिळते असे नाही.

येथे एक जुनी भीती काढून टाकायला हवी. “पोटात चौदा सुया” हे शब्द ऐकून अजूनही खेड्यापाड्यांतली माणसे दवाखाना टाळतात आणि झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जातात. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आताची लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिला, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार भेटी पुरतात. स्नायूत द्यायची असेल तर चौदावा दिवसही धरून पाच. यात पहिली भेट शून्य दिवस मानून मोजायची असते, म्हणून तारखा दवाखान्यातूनच लिहून घ्याव्यात. जखमेवर तिखट, चुना, हळद, रॉकेल यांतले काहीही लावू नये. साबण आणि पाणी यांच्याइतके स्वस्त औषध या रोगावर दुसरे नाही.

आता पुन्हा त्या तांबड्या कुत्र्याकडे वळू. त्याला दोराने ओसरीच्या खांबाला बांधले आणि मग आमच्या डोक्यात उजेड पडला की गळ्यात काळा दोरा आहे, म्हणजे कोणीतरी तो बांधला असणार. तीन गल्ल्यांत विचारले. स्टेशनाकडे आणि बस स्थानकावर चौकशी केली. कोणी ओळख दिली नाही. तेव्हा शेजारच्या भाजीवाल्या बाई म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशी आला, तर बाजाराच्याच दिवशी त्याचा मालक भेटेल.” इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पुढच्या बाजाराला सकाळपासून मी कुत्रा घेऊन, खेड्यांवरच्या गाड्या थांबतात त्या कोपऱ्यावर जाऊन बसलो. लोक हसत होते. दुपारी तळोधीच्या बाजूच्या एका खेड्याचे म्हातारे गृहस्थ आले आणि कुत्र्याने दोर तोडायचाच बाकी ठेवला.

“आमचाच व्हय जी हा,” ते म्हणाले. “मांगच्या बाजाराले गाडीच्या मांगं मांगं आला होता, पान्यात हरपला.”

“बाबा, याला लस टोचली होती का कधी?”

“कुत्र्याले काहाची लस जी डाक्टरसाहेब?”

मी त्यांना काय बोलणार? आठवडाभर मी तरी कोठे टोचली होती?

हरवलेल्या कुत्र्याला आपले घर नेमके ठाऊक असते. २०२४ च्या आषाढी वारीच्या वेळची बातमी वाचकांना आठवत असेल. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात यमगर्णी नावाचे गाव आहे. तेथील ‘महाराज’ नावाचा काळा कुत्रा आपल्या धन्याच्या मागोमाग दिंडीबरोबर चालत पंढरपूरला गेला आणि तेथल्या गर्दीत चुकला. धन्याने शोधले, सापडला नाही, तो घरी परतला. आणि मग एके दिवशी हा कुत्रा सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर एकट्याने कापून दारात शेपटी हलवीत उभा राहिला. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. लोकांनी त्यात पांडुरंगाची कृपा पाहिली. मला त्यात एक साधी गोष्टही दिसते. दारात आलेला अनोळखी कुत्रा बेवारस असेलच असे नाही, तो वाटेवरचा प्रवासीही असू शकतो. त्याला पाणी द्यावे, भाकरी द्यावी, आणि साखळी घालण्यापूर्वी चार ठिकाणी विचारावे.

गल्लीत जन्मलेल्या आणि गल्लीतच वाढलेल्या कुत्र्याचे घर म्हणजे ती गल्ली. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांत हेच तत्त्व धरले आहे : कुत्रा पकडावा, नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि जेथून उचलला तेथेच सोडावा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेले आणि अंगावर धावणारे कुत्रे वगळून बाकीच्यांसाठी ही पद्धत मान्य केली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांवरचे कुत्रे मात्र हलवावेत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले. यावर मते अनेक आहेत. माझे मत असे की रुग्णालयाच्या आवारात कुत्रे नकोत हे योग्यच. पण गल्लीतला लस दिलेला कुत्रा उचलून नेला तर त्याची जागा रिकामी राहत नाही. पलीकडच्या गल्लीतला, लस न दिलेला कुत्रा तेथे येतो.

आपल्याकडे याहून वाईट एक रीत आहे. नको झालेला कुत्रा किंवा पिल्ले पोत्यात घालून जंगलाच्या रस्त्याला सोडून यायची. सोडणाऱ्याला वाटते, जीव तर घेतला नाही. २०१८ साली अभयारण्य झालेले घोडाझरीचे जंगल आपल्या उशाशी आहे. तेथे सोडलेला कुत्रा एक तर बिबट्याच्या तोंडी जातो, नाही तर हरणांच्या मागे लागतो आणि आपले आजार रानात नेतो. २०१८ मध्येच गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतल्या काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. उलट बाजूही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, शेकडा ३९, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे रात्री अंगणात मोकळा झोपणारा कुत्रा बिबट्याला दारापर्यंत आणतो. जंगलाकाठच्या गावात कुत्रा पाळायचा तर रात्री त्याला आत घ्यायला हवे. अंगणात खाटेवर झोपणाऱ्या माणसांचाही जीव त्यावर अवलंबून आहे.

चौकशी करूनही कोणी पुढे आले नाही आणि कुत्रा ठेवायचे ठरले, तर तो ठेवावा. माझा त्याला विरोध नाही. नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. फक्त ठेवायचा तर पुरता ठेवावा. पहिल्या एकदोन दिवसांत ढोरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्यावी आणि पुढे दर वर्षी द्यावी. पिल्लू असेल तर तीन महिन्यांचे झाल्यावर. जंताचे औषध द्यावे, गोचिड काढावेत, मुलांना हात धुवायची सवय लावावी. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत आणि मातीतून मुलांच्या तोंडात जातात. लस दिली म्हणजे त्याच दिवसापासून निर्धास्त, असेही नाही. विषाणू आधीच अंगात शिरलेला असेल तर लस त्याला थांबवीलच असे नाही. म्हणून पहिले काही आठवडे कुत्रा वेगळा बांधावा, आणि चावला, ओरखडले किंवा उघड्या जखमेला चाटले तर दवाखाना गाठावा.

पिल्लाच्या चाव्याने काही होत नाही, ही समजूत सर्वांत घातक. पिल्लालाही रेबीज होतो. आणखी एक : पिसाळलेला कुत्रा दरवेळी धावून चावतोच असे नाही. कधी तो गुपचूप अंधारात पडून राहतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. माणसाला वाटते घशात हाड अडकले, आणि तो हाड काढायला तोंडात हात घालतो. कृपा करून असा हात घालू नका.

घरोघर असे केल्याने खरेच काही होते का, असे कोणी विचारील. गोव्यात २०१३ पासून गावोगाव फिरून, मालकाचा आणि गल्लीचा असा भेद न करता कुत्र्यांना लस देण्याचे काम चालले. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत तेथे एकही माणूस या रोगाने मेला नव्हता. आपल्या जिल्ह्यात जंगल आहे, अंतरे मोठी आहेत, हे खरे. पण बाजार आठवड्याला भरतो, आणि बाजारात गाडीमागे कुत्रेही येतात. त्या दिवशी ढोरांच्या दवाखान्याने एक टेबल बाजारात मांडले तर फार अवघड आहे असे मला वाटत नाही.

चाव्यापासून दहावा दिवस उजाडला तेव्हा मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या गावी गेलो. तोवर रोज त्यांच्या मुलाला फोन करून कुत्रा खातो का, पाणी पितो का, असे विचारत होतो. तो वैतागला असावा. कुत्रा गोठ्याजवळ तनसीच्या ढिगावर पडला होता. मला पाहून उठला, हुंगले, आणि ओळख पटल्यासारखे शेपूट हलवून पुन्हा जाऊन पडला. घरी येऊन मी पोटभर जेवलो. नातीची अठ्ठाविसाव्या दिवसाची मात्रा मात्र आम्ही चुकवली नाही. बाबांनीही पुढच्या बाजाराला कुत्रा दोर बांधून आणला आणि आम्ही दोघे त्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. कार्डावर मालकाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी आपले नाव सांगितले. कुत्र्याचे नाव विचारल्यावर थोडे घुटमळले, आणि नातीने ठेवलेले नावच लिहायला सांगितले.