एका जनुकाची आरती

भाषेवर बोलायला उभा राहिलेला विद्वान हल्ली फिरून फिरून जनुकावर येतो. परवा पणजीत एका व्याख्यानात पुन्हा तेच ऐकले. फॉक्सपी-टू नावाचे जनुक बदलले, माणूस बोलू लागला आणि बोलू लागला म्हणून त्याला जाणीव आली. टाळ्याही पडल्या. मी पडलो कला शाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. पण फाईलवरची नोंद जुनी झाली की नाही, एवढे पाहायची सवय नोकरीने लावली आहे.

ही नोंद जुनी आहे. २००१ साली ब्रिटनमधल्या एका कुटुंबात या जनुकातला दोष सापडला. तीन पिढ्यांतल्या सुमारे निम्म्या माणसांना उच्चार नीट जमत नव्हते, व्याकरणातही ती अडखळत. लगेच 'भाषेचे जनुक' म्हणून गाजावाजा! पुढे २००७ मध्ये निअँडरथलच्या हाडांतही त्याचे आपल्यासारखेच रूप मिळाले. २०१८ मध्ये जगभरचे अधिक नमुने तपासले, तेव्हा ते आपल्यात अलीकडे निवडीने पसरले हा दावाही टिकला नाही. उंदरातही हे जनुक असते. उंदीर काही कीर्तन करीत नाही.

आणि समजा, घडला चमत्कार. तो पहिला बोलका माणूस बोलला कोणाशी?

उत्तर हवे तर निकाराग्वात जावे. १९७७ मध्ये मानाग्वा शहरात विशेष शाळा निघाली आणि घरोघरी एकेकटी असलेली बहिरी मुले प्रथमच एकत्र आली. शिक्षक ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते. ते फारसे साधले नाही. मुलांनी मात्र अंगणात, बसमध्ये हातवाऱ्यांची स्वतःची भाषा उभी केली. तिला ना राजभाषा कायदा होता, ना व्याकरणाचे पुस्तक. गंमत पुढेच आहे. एखादी वस्तू घरंगळत खाली गेली हे पहिली मुले बहुधा एकाच हालचालीत दाखवीत. मागाहून आलेल्या लहानग्यांनी तिचे दोन तुकडे केले: 'घरंगळणे' वेगळे, 'खाली' वेगळे. एका पिढीच्या आत वाक्य जन्मले! जनुके तीच होती. नवे होते ते एकमेकांचे असणे.

शाळेपूर्वी ही मुले घरच्यांशी खुणांनी मागत, सांगत होतीच. त्यांना जाणीव नव्हती म्हणणारा त्यांच्या आईपुढे उभा राहून म्हणेल का?

हे विचारायला मी हात वर केला होता. तोवर आभारप्रदर्शन सुरू झाले.