त्या पत्रावर सही माझी होती

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर राहणारा भारतीय इंजिनिअर दोन विषयांवर तासन्‌तास बोलू शकतो. एक, ग्रीन कार्डची न सरणारी रांग. दुसरा, आपल्याला मुठीत ठेवणारी कंपनी. मीही बोलतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं माझं गाव, कोल्हापुरात इंजिनिअरिंग, पुण्यात तीन वर्षं नोकरी आणि मग इथे. तेव्हापासून माझं राहणं, बायकोचं राहणं, मुलीची शाळा हे सगळं एका कंपनीने सरकारला दिलेल्या कागदावर उभं आहे. साहेबाशी वाद घालताना जीभ अडखळते, ती त्यामुळेच.

पण या लेखातली तक्रार माझ्याविरुद्ध आहे. कारण मधली दोन-अडीच वर्षं मीच ‘कंपनी’ होतो.

आमच्या शहरातल्या मशिदीच्या कमिटीत मी सेक्रेटरी होतो. कमिटीत सगळे माझ्यासारखेच: चार सॉफ्टवेअरवाले, दोन डॉक्टर, एक मोटेलमालक. इमामाची जागा रिकामी होती. इथेच जन्मलेल्या, इंग्रजीत सहज बोलणाऱ्या एका तरुण आलिमशी बोलणं झालं. त्याने पगार सांगितला, आरोग्य विमा मागितला आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मागितली. कमिटीला तो ‘फार व्यवहारी’ वाटला. शेवटी ठरलं की भारतातून माणूस आणायचा. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, कारण व्हिसाचे फॉर्म भरण्याचा अनुभव माझ्याइतका कुणाला नव्हता.

हा व्हिसा म्हणजे आर-१. धार्मिक कामासाठी येणाऱ्यांचा हा तात्पुरता वर्ग १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने तयार केला. पाद्री, नन, पुजारी, ग्रंथी, इमाम सगळे यावरच येतात. आधी तीस महिने, मुदतवाढ मिळाली तर आणखी तीस, एकूण पाच वर्षं. अर्ज माणसाने करायचा नसतो, संस्थेने करायचा असतो. संस्था करमुक्त ना-नफा धर्मसंस्था हवी, येणारा माणूस किमान दोन वर्षं त्याच पंथाचा सदस्य हवा, काम आठवड्याला सरासरी किमान वीस तासांचं हवं. नोव्हेंबर २००८च्या नियमांनंतर संस्थेला लेखी हमी द्यावी लागते: सभासद किती, कर्मचारी किती, माणूस नेमकं काय काम करणार, त्याचं पोट कशावर चालणार. सरकारी अधिकारी मशिदीत येऊन पाहणी करू शकतो. आमच्याकडेही आला होता. इमामाची खोली बघितली, हिशेब बघितले, दोन प्रश्न विचारून गेला.

मौलाना २०२२ मध्ये आले. परभणी जिल्ह्यातले, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्या मशिदीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. जुम्याच्या नमाजनंतर चपला घालता घालता ते हळूच मराठीत काहीतरी बोलायचे आणि मला हसू आवरायचं नाही. सोबत बायको आणि दोन मुलं होती. पाहता पाहता इमामतीबरोबर शनिवार-रविवारचा मुलांचा मदरसा, मय्यतीची तयारी, नवराबायकोची भांडणं मिटवणं, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणं आणि गालिचा झाडणं हेही त्यांच्या अंगावर पडलं. अर्जातल्या कामाच्या यादीत यातलं निम्मंही नव्हतं. ती यादी मीच लिहिली होती, म्हणून मला नक्की ठाऊक आहे.

एच-१बी आणि आर-१

माझ्या आणि त्यांच्या व्हिसाची तुलना मी तेव्हा करायला हवी होती. केली नाही. नंतर केली, ती इथे मांडतो.

मला आणणाऱ्या कंपनीला त्या भागातल्या त्या कामाच्या प्रचलित वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही. आर-१ला अशी अट नाही. पगाराऐवजी राहायला खोली आणि जेवण दाखवलं तरी चालतं. मुदतीआधी मला काढलं तर मायदेशी परतण्याचं भाडं कंपनीने द्यायचं असतं. इमामाच्या बाबतीत मशिदीवर असं कायदेशीर बंधन नाही. माझ्यासारख्यांच्या बायकांना काही अटींवर नोकरीचा परवाना मिळतो. इमामाच्या बायकोला शिकता येतं, पण कमावता येत नाही. म्हणजे घरात मिळकत एकच, आणि तीही कमिटीच्या हातात.

सगळ्यात मोठा फरक पुढचा आहे. माझी नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवसांपर्यंत इथे थांबता येतं. २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमाने ही सवलत दिली. त्या नियमात ज्या व्हिसांची नावं आहेत, त्यात एच-१बी आहे, आर-१ नाही. इमामाची नोकरी संपली की त्याच्या राहण्याचा आधारच संपतो. वर संस्थेवर बंधन असं की काढल्यापासून चौदा दिवसांत सरकारला कळवायचं.

कोर्टात जावं म्हटलं तर तिथलंही दार जवळपास बंद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये होझॅना-टेबर खटल्यात एकमताने सांगितलं की धर्मसंस्थेने आपल्या धर्मोपदेशकाला काढलं, तर नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांखाली त्याला दाद मागता येत नाही. यामागचं तत्त्व मला पटतं. मशिदीचा इमाम कोण असावा हे सरकारने ठरवू नये. पण न्यायालय उंबऱ्याबाहेर थांबलं म्हणून उंबऱ्याच्या आत न्यायाची गरज उरत नाही, असं थोडंच आहे?

एका खुलाची गोष्ट

२०२३ मध्ये आमच्या जमातीतल्या एका बाईला कोर्टाने घटस्फोट दिला. नवरा मात्र तोंडाने तलाक द्यायला तयार नव्हता. कायद्याने मोकळी, पण बिरादरीच्या नजरेत बांधलेली, अशी तिची अवस्था. ती मौलानांकडे आली. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, नवऱ्याला तीनदा बोलावलं, तो आला नाही. मग त्यांनी लिहून दिलं की हा निकाह संपला आहे आणि बाई दुसरा निकाह करायला मोकळी आहे.

नवऱ्याचे वडील मशिदीचे मोठे देणगीदार होते. पुढच्या बैठकीत विषय आला, पण तसा नाही आला. ‘मौलानांचं इंग्रजी कच्चं आहे’, ‘तरुण मुलं खुत्ब्याला कंटाळतात’, असा आला. त्यांचं इंग्रजी आणलं तेव्हाही कच्चंच होतं.

बैठकीआधी ते मला वजूखान्याजवळ भेटले. म्हणाले, “भाई, मी चुकलो असेन तर चूक दाखवा. पण फतवा बदला म्हणाल तर कसा बदलू? आणि नाही बदलला तर लेकरांना घेऊन कुठे जाऊ?” मी म्हणालो, “मौलाना, तुम्ही काळजी करू नका, मी बोलतो.” बैठकीत मी बोललो, पण थोडंच. मत टाकायची वेळ आली तेव्हा तटस्थ राहिलो. ठराव पास झाला. सरकारला कळवण्याचं पत्र सेक्रेटरीने लिहायचं असतं. मी लिहिलं. त्या पत्रावर सही माझी आहे.

मुलांची शाळा सहामाहीच्या मधोमध सुटली. गाडी निम्म्या किमतीत गेली. विमानाची तिकिटं आम्ही काही जणांनी वर्गणी काढून दिली. कमिटीने त्याला ‘मदत’ म्हटलं.

ग्रीन कार्डचा अर्ज केला असता तर? धार्मिक कामगारांसाठी ती वाट आहे. अर्जाआधी सलग दोन वर्षं तेच काम केलेलं असावं लागतं आणि ते परदेशात केलेलं असलं तरी चालतं. मौलाना परभणीत कितीतरी वर्षं इमामत करत होते. म्हणजे अर्ज ते आल्याबरोबर करता आला असता. मी दोनदा विषय काढला. उत्तर आलं, “आत्ताच कशाला? एकदा कार्ड मिळालं की माणूस हातात राहत नाही.” हे म्हणणारा गृहस्थ स्वतः ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभा आहे आणि आपल्या कंपनीला याच कारणासाठी शिव्या देतो. मार्च २०२३ नंतर सरकारने हिशेबाची पद्धत बदलली आणि ही रांगही लांबली. अनेक पाद्री आणि इमामांची पाच वर्षं रांगेतच संपू लागली. तेव्हा उशिरा अर्ज करणं म्हणजे न करण्यासारखंच आहे.

काही महिन्यांनी माझीच नोकरी गेली. हजारो लोकांबरोबर गेली, सकाळी एका ईमेलने. मला साठ दिवस होते. सत्तेचाळिसाव्या दिवशी दुसरी नोकरी मिळाली. ते सत्तेचाळीस दिवस मी झोपलो नाही आणि रोज मौलाना आठवले.

खिदमत या शब्दाआड

मे २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिल इथल्या एका भव्य मंदिराच्या बांधकामावरून दावा दाखल झाला. आर-१ व्हिसावर भारतातून आणलेल्या, बहुतांशी दलित असलेल्या मजुरांना तासाला सुमारे १.२० डॉलरवर राबवलं, असा त्यात आरोप होता. संस्थेने आरोप नाकारले आणि ही स्वेच्छेची सेवा असल्याचं सांगितलं. फौजदारी तपास पुढे २०२५ मध्ये आरोप न ठेवता बंद झाला. खरंखोटं ठरवणं माझं काम नाही. पण तेव्हा आमच्या मशिदीत त्या बातमीवर मिटक्या मारणारे बरेच होते, हे मला आठवतं. तिथे सेवा, आमच्याकडे खिदमत. शब्द पवित्र असला की हिशेब विचारणारा माणूस आपोआप लोभी ठरतो.

ही सवय आम्ही गावाकडूनच आणली आहे. आमच्या गावच्या मशिदीत इमाम कायम बिहारचे किंवा उत्तर प्रदेशचे असत. मशिदीला लागून एक खोली, घराघरातून पाळीने डबा आणि आखातातल्या पैशातून जमेल तसा पगार. जमातीला पटलं नाही तर मौलाना बदलायचे. ते एका पेटीत संसार भरून एसटी पकडायचे आणि कुणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. इमामत ही धर्मसेवा आहे, नोकरी नाही, म्हणून पगार कसला, हा युक्तिवाद न्यायालयाने १९९३ मध्ये फेटाळला आणि वक्फच्या मशिदींमधल्या इमामांना मोबदला मिळण्याचा हक्क मान्य केला. कष्ट करणाऱ्याचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला पाठ आहे. ती शिकवण मिंबरवरून सांगणाऱ्या माणसाला लागू होते, हे मात्र कोर्टाला सांगावं लागलं.

२०२०च्या पाहणीनुसार अमेरिकेत २,७६९ मशिदी आहेत आणि पूर्णवेळ पगारी इमामांपैकी बहुतेक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. काही जण म्हणतात, बाहेरून इमाम आणणंच थांबवा, इथली मुलं घडवा. मला हे निम्मं पटतं. इथल्या मुलांना त्यांच्या भाषेत बोलणारा इमाम हवा, यात शंका नाही. पण आपल्यापैकी किती जण आपल्या मुलाला इमाम होऊ देतील? आपण देतो त्या पगारात आणि त्या वागणुकीत? इथला तरुण आम्हाला ‘व्यवहारी’ वाटला, कारण तो नाही म्हणू शकत होता. बाहेरचा आणला, कारण तो म्हणू शकत नव्हता. बाहेरून आलेल्या इमामाला न्याय दिला, तरच इथला तरुणही या कामाकडे वळेल.

यासाठी कायदा बदलायची वाट बघायला नको. साठ दिवसांची सवलत आर-१ला मिळावी, ही मागणी करायलाच हवी, आणि चर्च, मंदिरं, गुरुद्वारे या सगळ्यांबरोबर करायला हवी. पण पुढच्या गोष्टी कुठलीही कमिटी उद्याच्या बैठकीत ठरवू शकते. इमामाशी लेखी करार, त्याला वाचता येईल अशा भाषेत. सरकारला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच्या हातात. पगार सर्वसाधारण सभेत जाहीर. यादीबाहेरचं काम सांगायचं नाही. पात्र असेल तर पहिल्याच वर्षी ग्रीन कार्डचा अर्ज. काढायचं झालं तर किमान तीन महिन्यांची आगाऊ नोटीस, त्या काळात पूर्ण पगार आणि कुटुंबाचं परतीचं भाडं मशिदीच्या खात्यातून. दिलेल्या फतव्यावरून किंवा खुत्ब्यावरून कुणाला काढायचं तर तो निर्णय सात माणसांच्या खोलीत नाही, सगळ्या सभासदांसमोर. आणि त्या सभासदांत बायकाही असाव्यात. आमच्या बैठकीत त्या दिवशी एक जरी बाई बसलेली असती, तर इंग्रजीचा विषय इतक्या सहज निघाला नसता.

हा मसुदा मी आमच्या मशिदीच्या येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. आता मी कमिटीत नाही, साधा सभासद म्हणून मांडेन. पास होईल याची खात्री नाही. मौलानांना फोन करून सांगितलं. ते आता परभणीत एका शाळेत उर्दू शिकवतात. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “भाई, त्यात एक अजून टाका. शाळेचं वर्ष संपल्याशिवाय लेकरांना हलवायचं नाही.”

ते कलम मी सगळ्यात वर घातलं आहे.