आसनाखालचा वारा

चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागात पारा ४५ अंशांच्या घरात जातो त्या दिवसांत, दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत बसून ज्याला लगोलग दूरच्या प्रवासास निघावे लागले आहे, त्याला हवेशीर आसनाची अपेक्षा ही चैन आहे असे कोणी ऐकवू नये. एसीचा झोत चेहऱ्याला आणि छातीला निववतो. पण पाठ आणि मांड्या जिथे फोमला व कृत्रिम चामड्याला घट्ट चिकटलेल्या असतात तिथवर तो पोहोचत नाही, आणि तासाभराने गाडीतून उतरणाऱ्या माणसाचा सदरा पाठीवर ओलाच असतो. म्हणूनच नव्या मोटारींच्या या सोयीविषयी ज्या तक्रारी वाढत आहेत, त्यांना किरकोळ समजून वाटेला लावणे मला अनुचित वाटते.

ही सोय आजची नव्हे. स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ साली आलेल्या आपल्या ९-५ या मोटारीत आसनातून हवा खेळविण्याची योजना केली होती. आपल्याकडे ह्युंदाईच्या २०१७ च्या व्हर्नाने आणि कियाच्या २०१९ च्या सेल्टॉसने ती मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आणली. मात्र २००० सालच्या अमेरिकी लिंकन नॅव्हिगेटरमध्ये जे आसन आले त्याची जात निराळी होती. पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने १८३४ मध्ये दाखविलेल्या तत्त्वानुसार, विद्युत्प्रवाहाने एक बाजू गार व दुसरी गरम करणारी तबकडी त्यात बसविलेली होती आणि तीवरून जाणारी हवा खरोखर थंड होत असे. आपल्या बाजारातील बहुतेक आसनांत अशी तबकडी नसते. असतो तो केवळ बैठकीखाली वा पाठीत दडविलेला छोटा पंखा, त्यापुढे फोममधील वाटा आणि वर सूक्ष्म छिद्रांचे आवरण. हा पंखा थंडी निर्माण करीत नाही, गाडीत आहे तीच हवा फिरवितो, आणि शरीराला जो गारवा लाभतो तो घाम उडून जाण्यामुळे लाभतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता कातडीपासून हिरावली जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते तोच हा न्याय, आणि म्हणूनच माठाप्रमाणे हे आसनही नागपूरच्या कोरड्या हवेत जसे साथ देते तसे रत्नागिरीच्या दमट हवेत, एसीने गाडीतली हवा आधी कोरडी केल्याखेरीज, देत नाही.

एवढा खुलासा शोरूममध्ये कोणी करीत नाही, हे माझ्या मते या तक्रारींचे मूळ आहे. तापलेल्या गाडीत बसताच ग्राहक बटण दाबतो, हवा बाहेर फेकणाऱ्या रचनेचा पंखा आसनाखालची भाजलेली हवाच पाठीवर सोडतो, आणि आसन बिघडले असा त्याचा समज होतो; वास्तविक काचा उघडून ऊन हवा बाहेर घालवावी, एसीचा झोत काही काळ पायांकडे वळवावा व मग पंखा लावावा. पण प्रत्येक तक्रार अशा समजापायी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पंखा घरघरतो, पाठीचा भाग चालतो तर बैठकीचा चालत नाही, जड अंगाच्या माणसाच्या भाराने फोममधील वाटा दबून हवा अडते. हे दोष खरे आहेत. अशा वेळी सर्व्हिस सेंटरात ‘सगळे नॉर्मल आहे’ असा शेरा मिळतो, आणि किती हवा यायला हवी, किती आवाज चालेल, याचे कोणतेही माप ग्राहकाच्या हाती नसल्यामुळे त्या शेऱ्यापुढे त्याचा नाइलाज होतो. कंपन्यांनी हे माप माहितीपुस्तिकेत छापावे आणि तपासणीचा आकडा जॉबकार्डावर नोंदवावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. ग्राहकानेही तोंडी तक्रारीवर विसंबू नये; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे दाद मागण्याची मुदत साधारणतः दोन वर्षांची आहे, आणि तिथे लेखी दाखलाच उपयोगी पडतो.

आपल्या वहिवाटीचाही यात वाटा आहे. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिच्यावर जाड सीट कव्हर चढविण्याची आपली रीत या छिद्रांचा श्वासच कोंडते, शिवाय आसनाच्या कडेत एअरबॅग असल्यास ती उघडण्यास अडथळा आणू शकते. आसनाखाली पिशव्या कोंबल्या की पंख्याची वाट बुजते, आणि चामड्याला तकाकी आणणारे मलम छिद्रांत जाऊन बसते.

परंतु मला सर्वांत अधिक खटकते ती या सोयीची वाटणी. उष्ण देशात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या छताला काच बसविण्यात चढाओढ चालते, आणि घाम टिपणारा हा लहानसा पंखा बहुधा महागड्या प्रकारांसाठी राखून ठेवला जातो. जो दहा-बारा तास स्टिअरिंगमागे बसून पोट भरतो, त्या टॅक्सीचालकाने पाठीला वारा लागावा म्हणून लाकडी मण्यांची बैठक स्वतःच्या पैशाने कधीच शोधून काढली आहे. त्याच्या गाडीत मात्र कारखान्याने ही तजवीज केलेली क्वचितच आढळते. मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये एसी बसविणे शासनाने २०२५ पासून सक्तीचे केले, ते योग्यच झाले. त्याच विचाराने, टॅक्सी म्हणून नोंदल्या जाणाऱ्या मोटारींत निदान चालकाचे एक आसन हवेशीर असावे, असा नियम परिवहन मंत्रालयाने करावा आणि कंपन्यांनी त्या हुकमाची वाट न पाहता येत्या उन्हाळ्यापासूनच तसा प्रकार बाजारात आणावा.