छंद, नियोजन आणि सिरोंचाचे हाड

चिमूरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला 16 ऑगस्ट 1942 आठवतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या जुन्या चांदा जिल्ह्याच्या उत्तर भागात चिमूर होते, त्याच जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ, 1958 ते 1961 या काळात जमिनीतून जे बाहेर निघाले, त्याची आठवण आज फारसे कोणी काढीत नाही. तेथे एका प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. निदान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे. मांडीचे एकेक हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचे. ज्या खडकात ती होती तो सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि सिरोंचा त्यात गेला. हाडे मात्र त्याच्या कितीतरी आधी कलकत्त्याला गेली होती.

ती कोणी शोधली, हा या हकिकतीतील खरा चमत्कारिक भाग होय. हे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे असावे असा कोणाचाही समज होईल. वस्तुतः ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे होते. ज्या संस्थेत दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा शिजला, तीच संस्था प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात हाडे का खणीत होती? याचे उत्तर एका माणसाच्या छंदात सापडते. मराठीत छंद हा शब्द नादालाही लावतात आणि वृत्तालाही. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

प्रशांतचंद्र महालनोबिस हे पदवीने आणि पोटापाण्याने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 1915 मध्ये केंब्रिजहून परतण्याच्या वेळी महायुद्धामुळे प्रवास लांबला. त्या रिकाम्या दिवसांत ग्रंथालयात 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे खंड त्यांच्या पाहण्यात आले. ते त्यांनी विकत घेतले आणि बोटीवर वाचीत आले. पुढे कित्येक वर्षे प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात ते आकडेमोड करीत. या नादाला ना अभ्यासक्रमात जागा होती, ना अंदाजपत्रकात.

1920 मध्ये विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. तेथे प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांची गाठ पडली, आणि त्यांच्याकडील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांची टिपणे तपासण्याचे काम महालनोबिसांनी अंगावर घेतले. मग एकातून एक निघत गेले. 1922 च्या उत्तर बंगालमधील पुराचा अभ्यास झाला. ओरिसातील 1926 च्या पुरानंतर, नदीचे पात्र वर आले आहे तेव्हा बांध उंच करा, असे अभियंते सांगू लागले. महालनोबिसांनी अनेक वर्षांचे आकडे मांडून पात्र वर आलेले नाही हे दाखवून दिले. 1931 मध्ये कॉलेजातल्या एका खोलीतून संस्था उभी राहिली. तागाच्या पिकाची नमुना पाहणी झाली, 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. देशातील गरिबीबद्दल समाजवादी कार्यकर्ता आजवर जे आकडे सभांतून फेकीत आला, त्यांतील पुष्कळांचे मूळ या नादात आहे.

महालनोबिसांच्या नियोजनाची तरफदारी करण्याचा येथे हेतू नाही. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या त्यांच्या प्रतिमानात धान्य आणि कापड यांसारख्या श्रमिकांच्या नित्याच्या गरजांना दुय्यम स्थान मिळाले, हा मुंबईच्या वकील आणि ब्रह्मानंद यांनी 1956 मध्येच घेतलेला आक्षेप आजही खोडता येत नाही. विसंगती आहे ती निराळीच. देशाला लक्ष्ये आणि रकाने आखून देणारा हा माणूस स्वतःच्या संस्थेत मात्र रकाने मानीत नव्हता. सांख्यिकीला प्रत्येक शास्त्राशी बोलता आले पाहिजे, या हट्टापायी त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना बोलाविले आणि भूविज्ञानाचा विभाग उघडला. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारखा साम्यवादी जीवशास्त्रज्ञही 1957 मध्ये तेथेच येऊन दाखल झाला. लेखापरीक्षकाने त्या वर्षी प्रश्न केला असता, की योजनेचे आकडे जुळविणाऱ्या संस्थेला सिरोंचाच्या रानात काय काम, तर त्याला पटेल असे उत्तर कोणाला देता आले असते?

प्राण्याचे नाव 'बारापासॉरस टागोराय' असे ठेवले गेले. 'बडो पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. उत्खननाचा हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी आला, म्हणून पुढे त्यांचे नाव. महालनोबिस विश्वभारतीचे दहा वर्षे चिटणीस होते, हे ध्यानात घेतले की या नावाचे नवल वाटत नाही. शास्त्रीय वर्णन 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. महालनोबिस त्याआधी तीन वर्षे निवर्तले होते.

या निबंधावर चार शास्त्रज्ञांची नावे आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. परंतु अशा कामात कुदळ-फावडे चालविणारे हात गावचेच असतात, आणि कोणत्या नाल्यात कसला दगड उघडा पडला आहे हे गुराख्याला आधीच ठाऊक असते. त्याने तो दगड पाहिलेला असतो, कदाचित त्याच्याविषयी काही तर्कही केलेला असतो. तो तर्क पुढे नेण्यासाठी लागणारी फुरसत आणि पुस्तक त्याच्यापाशी नसते, एवढाच फरक. महालनोबिस ब्राह्म समाजातील सुस्थित घराण्यातले. बोट लांबली तर ते ग्रंथालयात बसू शकत होते. चिमूर वा सिरोंचाच्या मुलाची फाल्गुन-चैत्रातली सकाळ मोहफुले वेचण्यात जाते आणि वैशाखातली तेंदूपाने तोडण्यात. नवा विचार सुचणे हे बुद्धीचे देणे आहे असे आपण सहज म्हणून जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते बरेचसे फुरसतीच्या वाटपाचे फलित आहे, आणि फुरसतीचे वाटप जमिनीच्या वाटपापेक्षा अधिक न्याय्य असल्याचे दिसत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी लढताना कामगार चळवळीने हे ओळखले होते. पुढे मजुरीच्या दराची भांडणे इतकी निकडीची झाली की उरलेल्या वेळाचे काय, हा प्रश्न मागे पडला. यात पक्षाचाही दोष आहे. आपल्या अभ्यासवर्गांत जाहीरनामा शिकविला जातो. पायाखालचा दगड उचलून पाहण्यास कोणी सांगत नाही.

2025 मध्ये केंद्र सरकारने सांख्यिकी संस्थेसाठी नव्या कायद्याचा मसुदा पुढे आणला, तेव्हा स्वायत्तता जाईल म्हणून तेथील अध्यापक आणि विद्यार्थी विरोधात उभे राहिले. त्या वादाशी चंद्रपूर-गडचिरोलीचा काय संबंध, असे विचारणाऱ्याला पोचमपल्लीचे नाव सांगावे. ज्या संस्थेला प्रत्येक रुपयाचा परतावा आधी दाखवावा लागेल, ती पुन्हा सिरोंचाला येणार नाही.

बारापासॉरसचा सांगाडा कलकत्त्यातील संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. तो परत मागणे पोरकटपणाचे होईल. तेथे तो नीट जपला गेला आहे. परंतु मांडीच्या हाडाचा प्लास्टरचा ठसा करून घेणे ही काही मोठ्या खर्चाची बाब नव्हे. असे दोन ठसे मागावेत, एक सिरोंचाला आणि एक चिमूरला. चिमूरचा ठसा शाळेच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनालयाच्या ओसरीवर ठेवावा, म्हणजे बाजाराच्या दिवशी येणारी मुले त्याच्याशेजारी उभी राहून आपली उंची मोजतील.