मुलाचे खरे वय भूलतज्ज्ञांना सांगा

टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी मुलाला दाखल करताना पालक शाळेत लावलेली जन्मतारीख सांगतात. निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा! भूलतज्ज्ञांना मात्र खरे वय हवे असते. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत घालायच्या नळीचे माप बहुधा वयावरूनच ठरवतात. वयाला 4 ने भागून त्यात 4 मिळवायचे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला साडेपाच मिलिमीटर आतील व्यासाची नळी. फुग्याची असल्यास अर्धा मिलिमीटर कमी. हा अंदाजच, म्हणून एक माप लहान व एक मोठे हाताशी हवेच. नळी घट्ट बसली तर आतले अस्तर सुजते व नळी काढल्यावर मुलाला श्वास घेणे जड जाते. सैल बसली तर हवा गळते.

लहान मुलांना फुग्याची नळी नको, असे आम्हाला शिकवले होते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील 2246 मुलांच्या अभ्यासात बिनफुग्याची नळी सुमारे 31 टक्के मुलांत बदलावी लागली, फुग्याची अवघ्या 2 टक्क्यांत. नंतरचा श्वासाचा त्रास दोन्हींत सारखाच. माझे मत फुग्याच्या बाजूने आहे. फुग्यातला दाब मात्र मोजलाच पाहिजे.

आणि तारीख पुढे जाईल म्हणून मुलाची सर्दी लपवू नका. जाऊ द्या पुढे.